फुंकरबाईंनी लिहिलेले एक वाक्य

बालरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात एक्स-रेच्या खोलीला लागून एक अरुंद खोली आहे. तिच्या दारावर 'श्वसनविकार तपासणी' अशी पाटी असली, तरी मुलांच्या लेखी ती फुंकरबाईंची खोली. आत शिरल्यावर पहिले काम ठरलेले: छाती भरून श्वास घ्यायचा, पांढऱ्या नळीला तोंड लावायचे आणि असेल नसेल तेवढा जोर लावून फुंकायचे. नळीवरचा लाल काटा जिथवर सरकेल तो आकडा बाई केसपेपरवर लिहून घेतात. काटा अर्ध्यावरच अडला तरी मुलावर त्या रागावत नाहीत; मुलांवर त्या कधीच रागावलेल्या नाहीत. त्यांचा राग मुलाच्या डोक्यावरून पलीकडे जातो आणि मागे पिशवी सांभाळत उभ्या असलेल्या मोठ्या माणसाला जाऊन लागतो.

या रागाची ख्याती सव्वीस वर्षांची. नवा डॉक्टर रुजू झाला, की औषधभांडाराच्या वेळा, लिफ्टची खोड आणि फुंकरबाईंचा स्वभाव या तीन गोष्टी त्याला पहिल्याच दिवशी सांगितल्या जातात. घरीही निराळे काही नव्हते. बाईंचे यजमान शाळेत भूमिती शिकवीत. ते म्हणत, ही ज्या दिवशी चिडत नाही त्या दिवशी मी थर्मामीटर शोधतो. बाईंना हे ऐकून हसू येई, पण पटत नसे. राग हा आपल्या स्वभावाचा दोष आहे असे त्यांना वाटतच नव्हते. स्टेथोस्कोपसारखी ती कामाची वस्तू होती. गळ्यात असलीच पाहिजे.

त्याला कारणही होते. परिचारिकेच्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बापाने पाच वर्षांच्या मुलीला खांद्यावर टाकून धावत आणले होते. तिचे ओठ निळे पडले होते आणि छातीतून शिट्टीचा आवाजसुद्धा येत नव्हता. शिट्टी बंद होणे हे शिट्टी वाजण्यापेक्षा वाईट, हे बाईंना त्या दिवशी कळले. पंपाची सवय लागते असे कोणीतरी सांगितल्यावरून बापाने रोजचा पंप दोन महिन्यांपूर्वी बंद केला होता आणि दर भेटीत 'देतो की, नेमाने देतो' असे हसतमुखाने सांगितले होते. त्या मुलीचे डोळे बाईंनी स्वतः मिटले. त्या दिवसापासून त्यांच्या जगात पालकांच्या दोनच जाती उरल्या: औषध देणारे, आणि देतो म्हणणारे.

म्हणून 'औषध देता का' हा प्रश्न त्यांनी विचारणेच सोडले. त्याऐवजी 'करून दाखवा' म्हणायचे, ही त्यांची रीत. पालकाने घरून पंप आणायचा आणि त्यांच्यासमोर मुलाला द्यायचा. पंप हलवायचा, स्पेसर नावाच्या प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळकांड्याच्या एका टोकाला तो बसवायचा, दुसरे टोक मुलाच्या तोंडात, एकदाच दाबायचे, मुलाने सावकाश पाच श्वास घ्यायचे, मग पुन्हा सगळे पहिल्यापासून, शेवटी चूळ. यात कुठे चुकले की बाईंचा पारा चढे. पंप उलटा धरणारे आजोबा, दोनदा एकदम दाबणारी मावशी, नळकांडे तोंडाऐवजी नाकाला लावणारा एक शिकलासवरला बाप, सगळ्यांना त्यांनी फैलावर घेतले होते आणि त्यातली बहुतेक माणसे पुढे बिनचूक पंप देऊ लागली होती. आपल्या रागाने मुले जगतात असे बाईंना मनापासून वाटे. आणि ते अगदीच खोटे नव्हते.

पिपाणी त्यांच्याकडे प्रथम आली तेव्हा आठ वर्षांची होती. हे नाव बाईंनीच ठेवलेले. तिच्या छातीला कान न लावताही ती वाजत असलेली ऐकू येई. पोरगी मोठी तिखट. नाव ऐकून रडण्याऐवजी तिने विचारले होते, "मग तुम्ही कोण, ढोल?" बाईंनी तेव्हाच तिला मनातल्या मनात पदरात घेतले. बाप लांब पल्ल्याचा मालट्रक चालवी. महिन्यातून चार दिवस घरी. सगळे पाहायची ती आई.

आई चष्म्याच्या काचा तयार करणाऱ्या एका कारखान्यात शेवटच्या टेबलावर होती. काच कापून, घासून, आकार देऊन झाली की तिच्याकडे येई. मऊ फडक्याने ती पुसायची, दिव्यासमोर धरायची, आणि एक जरी ठिपका, एक जरी धूसर रेघ दिसली तरी पुन्हा पुसायची. चौदा वर्षे हेच काम केल्याने तिच्या बोटांची टोके गुळगुळीत झाली होती आणि समोरची प्रत्येक वस्तू उजेडात धरून पाहायची तिला सवय लागली होती. ती कमी बोले. पिशवीतून स्पेसर काढी तो पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला असे. बाईंच्या टेबलावर इतका लखलखीत स्पेसर कोणाचाही येत नसे.

पहिल्याच भेटीत बाईंनी तिला सगळे शिकवले, छापील सूचनापत्र हातात दिले आणि करून दाखवायला सांगितले. तिने पहिल्याच खेपेला बिनचूक करून दाखवले. उठता उठता तिने टेबलावरच्या वस्तूंकडे पाहून काहीतरी विचारले; पण बाहेर रांग दारापर्यंत आली होती आणि बाईंनी तिला दोन शब्दांत वाटेला लावले.

त्यानंतरच्या वर्षात पिपाणी चार वेळा वॉर्डात दाखल झाली. दर वेळी धाप लागलेली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असलेली, एक वाक्य तीन तुकड्यांत बोलणारी. दर वेळी आधी वाफ, मग वॉर्डातल्या स्पेसरने तोच पंप, तेच औषध. आणि दर वेळी दोन दिवसांत पोरगी खाटेवर उड्या मारायला लागे. घरी गेली की पुन्हा घसरण. लाल काटा एकशे तीसच्या पुढे जाईना.

बाईंना आधी नवल वाटले, मग संशय आला, आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. आई चुकत नव्हती. तिच्या हाताला चूक ठाऊकच नव्हती. मग तेच औषध इथे लागू पडते आणि घरी पडत नाही, याचा अर्थ काय? एकच: घरी ते दिले जात नाही. आईने एक वही आणली होती. सकाळ-संध्याकाळच्या प्रत्येक मात्रेपुढे बरोबरची खूण. सगळ्या खुणा एकाच शाईच्या, एकाच मापाच्या. बाईंनी ती चाळली आणि एका बैठकीत भरली असावी असे ठरवून मिटून टाकली. चौथ्या वेळी पोरगी दाखल झाली, त्या दिवशी त्यांनी केसपेपरवर लिहिले: 'आईला पंप देण्याची पद्धत उत्तम येते. घरी औषध दिले जात नाही.' खाली सही.

केसपेपरवर लिहायचे ते शाईनेच, आणि लिहिलेले कधी नाहीसे करायचे नाही. चूक झालीच तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, तीही अशी की खालचे अक्षर वाचता यावे, आणि बाजूला सही-तारीख. नव्या परिचारिकांना हे शिकवताना बाई म्हणत, की म्हणून लिहिण्याआधी पेन क्षणभर उचलून धरा. त्या दिवशी त्यांनी पेन उचलून धरले नव्हते.

वर्षात चार वेळा दाखल झालेल्या मुलाचे कागद समाजसेविकेकडे जातात असा नियम होता. समाजसेविका कामसू आणि सरळ बाई. तिने ते वाक्य वाचले आणि नियमाप्रमाणे पुढे पाठवले. बालकल्याण समितीची बैठक गुरुवारी ठरली. प्रस्ताव असा, की मुलीला एक वर्ष आरोग्यनिवासात ठेवावे. तिथे परिचारिका औषध देतील, शाळाही आवारातच आहे, आईला महिन्यातून एका रविवारी भेटता येईल. आरोग्यनिवास तीन तासांच्या वाटेवर होते.

हे आईला सांगितले तेव्हा बाई खोलीत होत्या. आईने आरडाओरडा केला नाही. ती बाईंकडे वळून एवढेच म्हणाली, "मी देते, सिस्टर. रोज देते."

"सगळ्याच देतात," बाई म्हणाल्या.

सोमवारी दुपारी समाजसेविकेला घरभेटीचा अहवाल लिहायचा होता. बाई आपण होऊन तिच्याबरोबर निघाल्या. सोबत म्हणून नाही, पुरावा म्हणून. कपाटामागे न उघडलेला पंप सापडेल, ओल धरलेली भिंत सापडेल, कोणाच्या तरी विडीचा वास येईल, अशी त्यांची खात्री होती. दुसऱ्या मजल्यावर चढताना जिन्याच्या वळणावर भिंतीशी एक उलटी बादली ठेवलेली दिसली. पोरीला धाप लागली की बसायला, असे शेजारीण म्हणाली. बाईंना त्या बादलीचाही राग आला.

दोन खोल्या. फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, गादीला घट्ट खोळ, खिडकीला पडदा नाही, कारण पडद्यात धूळ बसते असे आईला सूचनापत्राने सांगितले होते. कुठे कुबट वास नाही, मांजर नाही, धूर नाही. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ खिळ्याला दोऱ्याने एक पेन टांगलेले आणि त्याखाली ती वही. म्हणजे एकच शाई का, हे कळले. बाईंनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. चौदा वर्षे काचेतले दोष हेरणाऱ्या बाईच्या घरात दोष शोधायला आपण आलो आहोत आणि आपल्याला एकही सापडत नाही, याने त्या अधिकच चरफडू लागल्या.

मग त्यांनी पंप मागितला. त्याच्या पाठीवर उरलेल्या मात्रांचा आकडा दिसतो. नवा पंप एकशे वीस मात्रांचा, वहीप्रमाणे तो सव्वीस दिवसांपूर्वी उघडलेला, दिवसाला चार. उरायला हव्यात सोळा. बाईंनी पंप खिडकीशी नेऊन पाहिला. सोळा.

इथे एखाद्याने थांबून विचार केला असता. पण रागाला एकदा उतार मिळाला की तो मध्ये थांबत नाही. अशीही माणसे त्यांनी पाहिली होती, जी भेटीच्या आदल्या दिवशी आकडा जुळवायला पंप खिडकीबाहेर रिकामा करतात.

"हवेत मारता का?" त्यांनी विचारले.

समाजसेविकेने मान खाली घातली. आईचा चेहरा एकाएकी कोरा झाला. ती वळली, मोरीत धुऊन ठेवलेला स्पेसर उचलला, आणि कामावर असल्यासारखी तो पुसू लागली. खिशातून मऊ फडके काढून आतून, बाहेरून, कडेने, पुन्हा आतून, बोटाला फडके गुंडाळून पार तळापर्यंत. मग उजेडात धरला, डोळा बारीक केला, पुन्हा पुसला. हे सगळे इतक्या सवयीने चालले होते की ती ते अपमान गिळण्यासाठी करते आहे हे कोणाच्या लक्षात आले नसते. स्पेसर टेबलावर ठेवून ती आतल्या खोलीत गेली.

एवढा वेळ गादीवर बसून सगळे ऐकत असलेली पिपाणी खाली उतरली. मोठ्यांची तोंडे अशी झाली की विषय बदलायचा असतो, एवढे तिला कळत होते.

"सिस्टर, जादू बघायची?"

तिने वहीच्या मागच्या पानाचा कोपरा फाडला, त्याचे तांदळाएवढे कपटे केले आणि टेबलावर पसरले. मग आईने पुसून ठेवलेला स्पेसर उचलून त्यांच्यावर आडवा धरला. कपटे टेबलावरून टुणकन उडाले आणि प्लॅस्टिकला चिकटून बसले. तिने स्पेसर झटकला; ते पडेनात.

"आईने पुसला की लगेच होते जादू. नुसता धुतला तर नाही होत. शाळेतल्या कंगव्यानेपण होते, पण एवढी नाही."

बाई त्या कपट्यांकडे बघत राहिल्या. काय झाले ते त्यांना तत्क्षणी कळले, आणि कळायला सव्वीस वर्षांचा अनुभव लागत नाही हेही कळले. प्लॅस्टिक कोरड्या फडक्याने घासले की त्यावर वीज साठते. त्या विजेला कागदाचा कपटा आणि औषधाचा कण दोन्ही सारखेच. पंप दाबल्याबरोबर नळकांड्यात जो औषधाचा धुरळा सुटायचा, त्यातला केवढा तरी भाग वाटेतच भिंतीला चिकटत होता. पोरगी सावकाश पाच श्वास घेत होती ते जवळजवळ रिकाम्या हवेचे. रोजचा पंप तसा, आणि धाप लागल्यावर द्यायचा निळा पंपही तसाच. दोन वेळा धुणे, दोन वेळा पुसणे, लखलखीत होईपर्यंत. आई जितकी जपत होती तितके औषध कमी पोचत होते. आणि वॉर्डातले स्पेसर पुसायला तिथे वेळ कोणाला होता? ते धुऊन जाळीवर उलटे टांगले जात, आपोआप वाळत, त्यांच्यावर पांढुरकी धुरकट झाक चढे, आणि त्यातून औषध नीट पोरीच्या छातीत जाई.

आई दारात येऊन उभी होती. बाईंनी तिला सांगायला सुरुवात केली. आवाज नेहमीचाच कडक लागला, कारण त्यांच्याकडे दुसरा नव्हता. स्पेसर पुसायचा नाही. रोज धुवायचाही नाही, पंधरा दिवसांतून एकदा पुरे. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकायचे, त्यात बुडवून काढायचा, न खंगाळता उभा करून वाळू द्यायचा. धुरकट दिसला तर दिसू द्यायचा.

आईने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. तुमच्या टेबलावरचा तो असाच धुरकट होता. मी विचारलं, सिस्टर, हा पुसायचा नसतो का?"

बाईंना तो दिवस आठवत नव्हता. रांग मात्र आठवत होती, कारण रांग रोजचीच होती.

"तुम्ही म्हणालात, बाई, मला इथं चाळीस पोरं आहेत, पुसत बसू का?" आईचा आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, यांना वेळ नाही म्हणून राहून जातं. आपल्याला एकच पोर आहे, आपण पुसायला पाहिजे."

समाजसेविका अहवालाच्या कागदावर पेन टेकवून तशीच बसून राहिली. पिपाणी एकेक कपटा नखाने सोडवत होती.

रुग्णालयात परतल्यावर बाईंनी आधी सूचनापत्राची मूळ प्रत शोधली. ते पत्र नऊ वर्षांपूर्वी त्यांनीच हाताने लिहिले होते, अकरा कलमांचे. नववे कलम स्पष्ट होते: स्पेसर कपड्याने पुसू नये, उभा ठेवून आपोआप वाळू द्यावा. छापील पत्रात मात्र कलमे सातच. बाकीच्या जागेत अधीक्षकांचा टाई लावलेला फोटो आणि 'निरोगी बालक, समर्थ समाज' या मथळ्याचा त्यांचा संदेश. स्वच्छतेबद्दल एवढेच उरले होते: 'स्पेसर नेहमी स्वच्छ व कोरडा ठेवावा.' छपाईचे काम पाहणाऱ्या कार्यालयाच्या खोलीत जाऊन बाईंनी जे तोंडसुख घेतले ते खालच्या मजल्यावर ऐकू गेले. एका माणसाच्या टाईसाठी तुम्ही चार कलमं कापलीत, ती टाई फुंकायला देऊ का मुलांना, असे त्या म्हणाल्याचे सांगतात. कारकुनाने निमूटपणे फाईल काढली आणि मंजुरीचा कच्चा छाप त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर खाली, उजव्या कोपऱ्यात, न वाचता घाईघाईने केलेली त्यांचीच सही होती.

त्यानंतर त्या आवाज न करता बाहेर पडल्या. राग गेला नव्हता. पण इतकी वर्षे तो नेहमी कोणाच्या तरी दिशेने सुटत आला होता, आणि आता वळून त्यांच्याच दारात उभा राहिला होता.

मोठे डॉक्टर, म्हणजे विभागप्रमुख, शांत स्वभावाचे आणि निवृत्तीला दोन वर्षे राहिलेले गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकून घेतले. स्थितिविद्युत एवढा फरक करू शकते हे त्यांना मान्य होते. तेवढ्यानेच चार वेळा दाखल व्हावे लागले का, याबद्दल त्यांना शंका होती, आणि ती रास्त होती. महिनाभर पाहावे, तोवर प्रस्ताव थांबवावा, असे ते स्वतः समितीला कळवणार होते. फक्त त्या केसपेपरला हात लावू नये असे त्यांनी सुचवले.

"नवा कागद चालू करा, सिस्टर. जुना राहू दे मागे. कशाला स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध लिहून देता? एवढी वर्षं झाली तुमची."

"आणि ते वाक्य?"

"कोण वाचतंय परत?"

बाई म्हणाल्या, "एकदा वाचलं ना कोणीतरी, सर. त्यावर पोरगी वर्षभर आईपासून लांब जाणार होती."

गुरुवारी समितीसमोर बाईंनी केसपेपर उघडला. आई भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली होती. बाप ट्रक वाटेत लावून आला होता आणि काय चालले आहे ते न कळून सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता. बाईंनी खिशातून एक साधा स्पेसर काढला, रुमालाने खसाखसा पुसला, आणि समितीच्या टेबलावर कागदाचे कपटे टाकून पिपाणीची जादू करून दाखवली. समितीतल्या एका वृद्ध सदस्याने ती पुन्हा करायला लावली. मग बाईंनी सांगितले, की आईने औषध दिले, रोज दिले, वही खरी आहे, मात्रांचा आकडा खरा आहे. जे चुकले ते शिकवणाऱ्याचे. आईने प्रश्न विचारला होता आणि आपण तो उडवून लावला, हेही सांगितले. ते सांगताना मात्र त्यांनी आईकडे पाहिले नाही. शेवटी पेन उघडून सगळ्यांसमोर त्या वाक्यावर त्यांनी रेघ मारली आणि बाजूला लिहिले: 'वरील नोंद चुकीची. आई औषध नियमित देते. स्पेसर पुसण्याबाबत तिला योग्य माहिती देण्यात आली नव्हती.' सही, तारीख.

समितीने पाच आठवड्यांची मुदत दिली. त्या काळात काटा चढला नाही तर प्रस्ताव पुन्हा विचारात घेतला जाणार होता.

ते पाच आठवडे बाईंना कसे गेले ते त्यांचे यजमान सांगू शकतील. थर्मामीटर शोधायची वेळ त्यांच्यावर खरोखरच आली. दर सोमवारी पिपाणी येई आणि फुंकून जाई. एकशे चाळीस. मग सर्दी झाली आणि पुन्हा एकशे तीस. त्या सोमवारी बाईंनी दोन्ही हात टेबलाखाली घट्ट धरून ठेवले होते. मग एकशे सत्तर. चौथ्या सोमवारी एकशे नव्वद. पाचव्या सोमवारी पोरीने गाल फुगवून, डोळे मिटून असे फुंकले की काटा दोनशे पाचवर जाऊन थांबला, आणि तिने विचारले, "आता मी पिपाणी नाही ना?" बाईंनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, दोन्ही बाजूंनी, मागूनही ऐकले, आणि म्हणाल्या, "नाही. आता नुसतीच आगाऊ."

प्रस्ताव मागे घेतल्याचे पत्र दुपारच्या आत आले. ते आईच्या हातात देताना बाईंना वाटले, ही आता काही बोलेल; निदान हसेल. आईने पत्र उजेडात धरून शेवटपर्यंत वाचले, घडी केली, आणि मग टेबलावर उघड्या असलेल्या केसपेपरकडे बोट केले. रेघेखालचे वाक्य तिने पुरते वाचले. घाई केली नाही.

"रेघ मारली तरी वाचता येतंय."

"तसाच नियम आहे," बाई म्हणाल्या. आणखीही काही बोलायचे होते; त्यातले त्यांच्या तोंडून एवढेच बाहेर आले, "वाचता यायलाच पाहिजे."

"मग या पानाची प्रत मला पाहिजे. रेघेसकट."

नोंदणी विभागाची खिडकी इमारतीच्या पार मागे. तिघी तिथवर चालत गेल्या. खिडकीतल्या माणसाने पान उलटसुलट करून पाहिले आणि कपाळाला आठी घालून म्हणाला, की खाडाखोड असलेल्या कागदाची प्रत बाहेर देत नाहीत. शिवाय अर्ज लागेल, आणि मुलीच्या वडिलांची सही. बाईंची कानशिले तापली. ही त्यांच्या ओळखीची, घरची जागा होती. इथे काय बोलायचे ते त्यांना झोपेतही सुचले असते. त्यांनी खिडकीच्या कठड्यावर हात टेकला, छाती भरून श्वास घेतला.

"तुम्ही थांबा, सिस्टर," आई म्हणाली. "मी बोलते."

बाई बाजूला झाल्या. आईने पिशवीतला रुमालात गुंडाळलेला स्पेसर काढून त्यांच्या हाती दिला, जणू बोलायला दोन्ही हात मोकळे लागणार होते, आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता. त्या पानावर माझ्याबद्दल काय लिहिलं होतं ते वाचा, असे ती त्या माणसाला म्हणाली, मोठ्याने वाचा. मग रेघ वाचा. मग बाजूला काय लिहिलंय ते वाचा. मग सांगा मला, यातलं कुठलं माझं नाही. माणूस नियम सांगू लागला, की ती त्याला मधेच न तोडता संपेपर्यंत ऐकून घेई आणि पुन्हा तेच सांगे, काचेवरचा ठिपका जाईपर्यंत पुसावा तशी, एका जागी, न दमता. मागे रांग वाढत चालली होती. आईने एकदाही मागे वळून पाहिले नाही.

पोरगी तोवर खिडकीजवळच्या फळीवरून कुठलीशी जुनी पावती फाडून कपटे करत होती. तिने बाईंच्या हातातला स्पेसर रुमालातून सोडवून कपट्यांवर आडवा नेला. स्पेसर धुरकट होता. त्याच्या आतल्या बाजूला साबणाची पुसट झाक होती आणि एका कडेला पाण्याचा वाळलेला डाग. कपटे जागचे हलले नाहीत.

"आता नाही होत जादू," ती नाराजीने म्हणाली.

आत खिडकीपलीकडे त्या माणसाने खुर्ची मागे सारली आणि पान घेऊन तो प्रत काढायच्या मशीनकडे निघाला.